कुईकुई

माझ्या पिकअपला हॉर्न आहे, पण गेलं वर्षभर तो वाजवायची वेळच आली नाही. मागच्या पाट्यांतून, म्हणजे गाडीचं ओझं झेलणाऱ्या लोखंडी कमानींतून, जी कुईकुई यायची, ती हॉर्नपेक्षा लांब जायची. बेळगावजवळच्या कडोली भागातला कोबी भरून पहाटे तीनला मी गोव्याला निघतो. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे. त्यात मागचं चाक उतरलं की ‘कुंईऽऽ’, वर चढलं की ‘किर्रर्र’. समोरच्या काकी एकदा कौतुकानं म्हणाल्या, “तुझी गाडी वरडली की मी घड्याळ बघत नाही. तीन वाजले म्हणून कूस बदलतो आणि झोपतो.” काकींची तरी झोप परत लागायची. बाकीची गल्ली माझ्या नावानं काय बोलायची ते इथं लिहिता येणार नाही.

गंमत म्हणजे पावसाळ्यात गाडी साधूसारखी गप्प. जांबोटी मागं पडली आणि कणकुंबीचा पाऊस सुरू झाला की आवाज बंद. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीत ऊन लागलं की पुन्हा सनई सुरू. पावसात गप्प आणि उन्हात बोलकं, म्हणजे कोरडं पडलेलं रबर. पण हे मला आत्ता कळतंय. तेव्हा माझ्याकडं कट्ट्यावरचे तज्ज्ञ होते. एक म्हणाले शॉकअप गेला. दुसरे म्हणाले पाट्यावर पाटा घासतोय. तिसऱ्यांनी गाडीकडं न बघताच ‘विकून टाक’ म्हणून सांगितलं. शेजारचे कानडी अण्णा म्हणाले, “एण्णि हाक्रि, सावकार्र!” तेल घाला. सगळ्यात स्वस्त सल्ला तोच, म्हणून मी जळकं ऑईल घातलं. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी दुप्पट आवाज. ऑईलनं रबर फुगतं, मऊ पडतं, वर धूळ बसते ती वेगळीच.

शेवटी ऑटोनगरात गेलो. मेस्त्रीनं पाट्याच्या टोकाला जो गोल डोळा असतो, त्याच्याजवळ पहार घातली आणि एकदा उचकटली. पाटा बोटभर हलला. “बुश होग्याव्री,” ते म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून मराठीत, “बुश गेल्यात. सहा घालाय लागतात.” पण उसाचा हंगाम. दारात ट्रॉल्यांची रांग. “आठ दिवसांनी या.”

बुश म्हणजे काय, हे त्या दिवसापर्यंत मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पाट्याचं पुढचं टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, थेट अडकवलेलं असतं आणि मागचं शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला लोंबकळतं, कारण ओझं पडलं की कमान सपाट होऊन पाटा लांब होतो, त्याला सरकायला जागा लागते. पुढच्या डोळ्यात एक, मागच्या डोळ्यात एक आणि शॅकलच्या वरच्या टोकाला एक, असं एका बाजूला तीन बुश. आत लोखंडी नळी, भोवती रबर. वरून चेसी दाबणार, खालून चाकांचा ॲक्सल ढकलणार, आणि मधल्यानं दोघांचं सोसायचं. सोसून सोसून कोरडा पडला की कुरकुरायचं. मला तर तो आमच्या सीमाभागातलाच माणूस वाटला. शिधापत्रिका एका भाषेत, भांडण दुसऱ्या भाषेत.

आठ दिवस गल्लीचे शाप कोण खाणार? मी सहा बुश घेऊन घरी आलो. पुतण्या म्हणाला, “काका, आपणच करू. मी व्हिडिओ बघितलाय.” या वाक्यानं आजवर किती घरं बुडाली असतील! चेसी घोडीवर चढवली, पुढच्या चाकांना दगड लावले, ॲक्सलखाली जॅक धरला आणि पहिल्या बोल्टाला पान्हा लावला.

नट सुटला, पण बोल्ट हलेना. आतल्या नळीला गंजून असा धरला होता, जसा आमचा सीमाप्रश्न, 1956 साली बसवला आणि अजून कोर्टात आहे. रॉकेल पाजलं. हातोडा मारला. पान्ह्यात पाईप घालून दोघं लोंबकळलो. पाईप वाकला, बोल्ट ढिम्म. अण्णा भिंतीवरून बघत होते. “एण्णि हाक्रि,” म्हणाले. शेवटी ग्राइंडरनं दोन्ही बाजूंनी कापला. ठिणग्या बायकोच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेल्या. त्या प्रकरणाचा निकाल मात्र त्याच दिवशी लागला, आणि माझ्या विरोधात लागला.

निघालेला बुश हातात घेऊन बघितला. रबर कसलं, चहाचा चोथा! चिमटीत धरलं की सुटून पडत होतं. आतली लोखंडी नळी बाहेरून एका बाजूला घासून चक्क पातळ झालेली. वर्षभर लोखंडावर लोखंड घासत मी घाट उतरत होतो, आणि मागं बसणारा हमाल म्हणायचा, गाडी गाते.

नवा बुश बसवायला उद्यमबागेतल्या एका लेथवाल्यानं पाईपचा तुकडा कापून दिला. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि तो पाईप. नट आवळत गेलं की बुश डोळ्यात सरकत जातो. पुतण्या ग्रीस घेऊन धावत आला, त्याला थांबवलं. साबणाचं पाणी लावलं. सहावा बसला तेव्हा अंधार पडला होता. सगळे बोल्ट करकचून आवळले, गाडी खाली उतरवली. गल्लीच्या खड्ड्यातून नेली. आवाज नाही!

नवव्या दिवशी बारीकसं ‘कुंई’ आलं. मेस्त्रीला फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “बोल्ट हवेत आवळला काय ओ?”

हवेतच आवळले होते. चाकं लोंबकळत असताना आवळलं की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळे बोल्ट सैल करायचे, गाडी तिच्या वजनावर चाकांवर उभी करायची, मग आवळायचे.

एवढंच होतं. पण ‘वजन’ हा शब्द पुतण्यानं मोठ्यानं उच्चारला आणि कट्टा ऐकत होता. शॉकअपवाले चढले, पाटेवाले चढले, ‘विकून टाक’वालेही चढले. अण्णा आले. काकी म्हणाल्या, “मी पण बसतो.” एवढ्या वजनाची गरज नाही, म्हणून मी खालून ओरडत होतो, कोण ऐकतंय? रिकाम्या गाडीवर आवळायचे बोल्ट मी पाच माणसांच्या ओझ्याखाली, पाठीवर पडून, नाकावर माती झेलत आवळले.

“झालं, उतरा,” म्हटलं. वरून उत्तर नाही. पाटा हू की चू करत नव्हता, त्यामुळे वरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मंडळी सीमावादात शिरून महाजन आयोगापर्यंत पोचली होती. अण्णा कानडीत, शॉकअपवाले मराठीत. काकींनी तोवर बायकोला आतून चहा पाठवायला सांगितलं होतं, पाच कप. मी धरून सहा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.