बार्शी, कोथरूड, शिकागो

शिकागोत मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला नदी हिरवी करतात. १९६२ पासूनची प्रथा आहे. आमच्या शेजारचे आजोबा त्या दिवशी ठेवणीतला हिरवा स्वेटर घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आम्ही आयरिश." त्यांची खापरपणजी मेयो परगण्यातून आली. १८४५ नंतर तिकडे बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि तितक्यांनीच देश सोडला. त्या लोंढ्यातलं हे घर. आजोबांनी आयर्लंड पाहिलेलं नाही, तिथली भाषा त्यांना येत नाही. पण खापरपणजी जहाजातून उतरली तेव्हा तिच्या अंगावर दुसरं लुगडंसुद्धा नव्हतं, अशा शब्दांत मी ती गोष्ट आईला फोनवर सांगितली तेव्हा आई हळहळली. २०२० च्या जनगणनेत ३ कोटी ८० लाखांहून जास्त अमेरिकनांनी आपलं मूळ आयरिश असल्याचं नोंदवलं. खुद्द आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात आहे.

आजोबांना कुणी म्हणत नाही, "मग तुम्ही शिकागोचे नाहीच." माझ्या मुलीला मात्र म्हणतात. तिचा जन्म इथला. दुकानात रांगेत उभं असताना एखादी बाई प्रेमानेच विचारते, "कुठली गं तू?" मुलगी म्हणते, "शिकागोची." लगेच पुढचा प्रश्न, "हो, पण खरी कुठली?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. घरी येताना आठवलं की हा प्रश्न मी पुण्यात लहानपणापासून ऐकत आले आहे.

वडील १९७४ साली बार्शीहून पिंपरीला कारखान्यात लागले. मी कोथरूडला वाढले. आमच्या घरी 'गाव' म्हणजे बार्शी, 'गावाला जाऊन येतो' म्हणजे भगवंताच्या देवळात डोकं टेकून येतो. तो अभिमान आम्ही मिरवायचो. पण वर्गातल्या मुलींच्या घरी गेलं की आजी विचारायच्या, "तुम्ही मूळचे कुठले?" बार्शी म्हटलं की "अच्छा, सोलापूरकडचे" आणि विषय संपायचा. त्याच आजी स्वतःबद्दल "आम्ही मूळचे गुहागरचे" असं सांगायच्या, आणि तरी त्यांच्या पुणेकर असण्याला कुणी हात लावायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला, की बाहेरच्यांनी पुणं बिघडवलं. ट्रॅफिक, घरभाडी, पाणी, सगळं त्यांच्या माथी. लिहिणारा माझा चुलतभाऊ, म्हणजे बार्शीचाच. मला हे मनापासून खटकतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आणली, इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या कितीतरी सोसायट्या आजही टँकरवर जगतात. त्यात भाड्याने राहणाऱ्या लातूरच्या पोराचा काय दोष? जाब विचारायचा तर ज्यांनी पाण्याआधी परवानग्या दिल्या त्यांना विचारायला हवा.

आणि आतला कोण? शनिवारवाडा बांधणारं घराणं श्रीवर्धनचं. टिळक जन्मले रत्नागिरीत. जोतीराव फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, भीमसेन जोशी गदगचे. कोथरूडचे खरे जुने लोक म्हणाल तर ते आमच्या सोसायटीखाली ज्यांची शेतं गेली ते. त्यांना मूळ पुणेकर म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई जालन्याकडच्या. अठरा वर्षं वारज्यात राहतात, मुलगा तिथेच जन्मला. त्याला जातीचा दाखला हवा होता. ओबीसीसाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचे पूर्वज जिथे राहत होते, तिथल्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नियमामागे कारण आहे, खोटे दाखले रोखायचे असतात. पण ताईंना कामाचे खाडे करून तीनदा जालन्याला जावं लागलं. नवऱ्याच्या आजोबांचं नाव कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडलं, शाई इतकी उडालेली की नक्कल काढणाऱ्याने कागद खिडकीशी धरून अक्षरं लावली. ती नक्कल ताईंनी आईला दाखवली तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुहेरी घडी घातलेली. ताई त्या नावावरून बोट फिरवत होत्या. "बघा, सासऱ्यांचे वडील. जमीन नव्हती, पण नाव आहे."

मला त्या बोटात आणि शेजारच्या आजोबांच्या हिरव्या स्वेटरमध्ये काही फरक दिसत नाही. दोघांनाही आपलं मागचं माणूस हवं आहे. फरक पुढे पडतो. आजोबांना मेयोही मिळतं आणि शिकागोही. ताईंच्या मुलाला जालना कागदावर मिळतं, आणि पुणं मागायला गेलं की कॉलेजात त्याच्या 'न-ण'वरून पोरं हसतात, खोली बघायला गेलं की घरमालक मूळ गाव विचारून फोन करतो म्हणतात आणि करत नाहीत. मूळ सांगायचा हक्क ज्याचा त्याचा असावा, ही माझी मागणी आहे. सांगितल्यावर त्याचं आजचं गाव काढून घ्यायचा हक्क कुणालाच नसावा. पुण्यात नाही, इथेही नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळात नवीन कुटुंब आलं की पूर्वी मीही पहिल्या दोन वाक्यांत मूळ गावापर्यंत पोचायची. आता "पुण्यात कुठे?" इथे थांबते. परवा गणपतीत एक मुलगी म्हणाली, "वारजे." मी म्हटलं, "म्हणजे आमच्या शेजारचीच की." मग ती आपणहून बोलू लागली. आई परभणीची, वडील उदगीरचे, हुरड्याला अजून गावी जातात. माझी मुलगी शेजारी प्रसादाची ताटं लावत होती. तिने विचारलं, "हुरडा म्हणजे काय?" आणि आम्ही दोघी एकदम सांगायला लागलो.