खोडदची जाळी कोण सांभाळतं?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले काही महिने एकच भांडण चालू आहे. पुणे-नाशिक रेल्वे. गाडी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी सरळ जाणार होती. मग रेल्वेकडून सांगण्यात आलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, गाडीमुळे तिच्या कामात व्यत्यय येईल, तेव्हा मार्ग शिर्डीकडून वळवायचा. नाशिकचा मामा उखडला. "तीस वर्षं आकाशाकडे बघताहेत, हाती काय लागलं? आमची गाडी मात्र गेली." त्यावर आत्तेभावानं एक फॉरवर्ड टाकला, की हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं, दुर्बीण हवी कशाला. मावशीनं लिहिलं, कांद्याला भाव नाही आणि यांना तारे हवेत. मग नेहमीसारखे सगळे माझ्याकडे वळले. तू तिकडे आहेस, तू सांग.

'तू तिकडे आहेस' याचे आमच्याकडे दोन अर्थ होतात. तुला जास्त कळतं, हा पहिला. तुला बोलायचा अधिकार नाही, हा दुसरा. कुठला अर्थ लागू करायचा ते माझं उत्तर ऐकल्यावर ठरतं.

मी सतरा वर्षं जर्मनीत आहे, गॉटिंगेनमध्ये. खगोलशास्त्राशी माझा संबंध नाही. मी प्रथिनं मोजणारी यंत्रं चालवते. तरी खोडदबद्दल माझं मत पक्कं आहे. गाडीनं वळावं. विजेच्या गाडीचा वरचा दांडा तारेला घासत जातो, मधे ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे एकाच वेळी सगळ्या रेडिओ लहरींवर केलेला आरडाओरडा. लहानपणी खालून स्कूटर गेली की दूरदर्शनवर रेघा उमटायच्या, तोच प्रकार. जी दुर्बीण आकाशगंगांकडून येणारी कुजबुज ऐकायला बसली आहे, तिच्या कानाशी ताशा वाजवून चालणार नाही. इथे बॉनजवळ एफेल्सबर्गला १०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, १९७२पासून कामात. ती मुद्दाम दरीत बसवली, भोवतालच्या डोंगरांनी गोंगाट अडावा म्हणून.

मामाला मी सांगितलं की एफेल्सबर्ग आणि खोडद एकाच शोधनिबंधावर आहेत. जून २०२३मध्ये युरोपातल्या गटानं आणि जीएमआरटी वापरणाऱ्या भारतीय-जपानी गटानं मिळून २५ पल्सारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे, आकाशातली घड्याळं. अगदी नियमित टिकटिक करतात. एक हेलकावा पुरा व्हायला काही वर्षं लागावीत इतक्या संथ गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या-आकसवणाऱ्या लहरी, विश्वभर पसरल्या असतील, तर या टिकटिकीत किंचित, पण ठरावीक तऱ्हेची गडबड दिसायला हवी. तिच्या खुणा दिसल्या. यात खोडदचं काम नुसतं हजेरीपुरतं नव्हतं. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे टिकटिक उशिरा पोचते, कमी वारंवारितेला हा उशीर जास्त असतो, आणि तो नीट मोजायला कमी वारंवारितेवर चालणारी दुर्बीण लागते. ती जुन्नर तालुक्यात आहे.

मामा म्हणाला, "बरं. मग?"

हा 'मग' मला आवडतो. आमच्या ग्रुपवरचा तो सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे.

पुण्यात विज्ञानावर वाद होतो तो ठरावीक तीन वाटांनी जातो. पैसा नाही, ही पहिली. खरंच आहे. संशोधनावर भारत सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, जर्मनी तीन टक्क्यांहून जास्त. दुसरी वाट पूर्वजांची. तिथे मी थांबत नाही. तिसरी, उपयोग काय. या तिन्ही वाटा सोडून एक माणूस कोपऱ्यात उभा असतो, हातात पाना घेऊन, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझं सगळं म्हणणं त्याच्याबद्दल आहे.

खोडदच्या तबकड्या जवळून बघा. २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, लोकांना आत सोडतात. मी पुण्यात होते त्या वर्षी भाच्याला घेऊन गेले होते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मधोमध दाटीनं, बाकीच्या तीन फांद्यांवर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. भाच्याला वाटलं होतं चकचकीत पत्रा असेल. तबकडी आरपार दिसते! ती पत्र्याची नाहीच, स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे. मध्यभागी १० मिलिमीटरचं भोक, कडेला २० मिलिमीटरचं. मीटरभर लांबीच्या लहरीला एवढं भोक दिसतच नाही, आणि वाऱ्याला मात्र वाट मिळते. वारा अडला नाही की सांगाडा हलका चालतो, सांगाडा हलका म्हणजे खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना, ताणलेल्या दोरांवर जाळी अंथरण्याची. स्वस्तात केलं म्हणून आपण तिचं कौतुक करतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. जे इथे जुळवलं, ते इथे दुरुस्त करता येतं. तार तुटली तर हॉलंडहून माणूस यावा लागत नाही. त्या दिवशी एका तंत्रज्ञाला भाच्यानं विचारलं, वर चढायला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "भीती वाटते तोवर बरं. वाटेनाशी झाली की साहेब खाली बसवतात."

आता माझी गोष्ट. जर्मनीला येण्याआधी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. आमच्याकडे एक मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, होता, तेव्हाच्या मानानं उत्तम. नारळ फोडून, हार घालून आणला होता. दोन वर्षांनी त्याचा व्हॅक्यूम पंप बसला. यंत्र घेतलं ते एका हेडखाली, दुरुस्तीचा पैसा दुसऱ्या हेडखाली, आणि प्रोजेक्ट संपलेला असल्यामुळे दुसरं हेड रिकामं. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपलेली. तीन कोटेशनं मागवा म्हणाले. तो भाग विकणारी कंपनी एकच. आमच्याकडे एक गृहस्थ होते, त्यांनी आधीचा पंप दोनदा उघडून नीट केला होता. पण ते कंत्राटी. मार्चअखेर कंत्राट संपलं, नवं निघालं नाही, आणि ते चाकणच्या एका कारखान्यात लागले. यंत्र अकरा महिने बंद. चादर पांघरून ठेवलं होतं, आजाऱ्यासारखं. माझ्या गाइडनी त्या काळात दोन पेपर लिहिले, दोन्ही जुन्या आकड्यांवर.

गॉटिंगेनला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात एका बाईंशी गाठ पडली. साठीकडे झुकलेल्या, पीएचडी नाही, पदव्युत्तरही नाही, प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्या खोलीत शिरायच्या, थांबायच्या आणि म्हणायच्या, "डावीकडचा पंप शुक्रवारपर्यंत जाईल." नुसत्या आवाजावरून. आणि तो जायचा. त्यांना न विचारता प्रोफेसर नवं यंत्र घेत नसत. त्यांची नोकरी कायम होती, बर्लिनची भिंत पडली त्याच्या आसपासपासून. माझी नोकरी दोन वर्षांची, मग एक वर्षाची, मग आठ महिन्यांची.

कारण इथे उलटा रोग आहे. जर्मनीत कायद्यानं शास्त्रज्ञाला साधारण बारा वर्षं मुदतीच्या करारांवर ठेवता येतं, सहा डॉक्टरेटच्या आधी, सहा नंतर. तोवर प्रोफेसर झालात तर ठीक, नाही तर बहुतेकांना दार दाखवतात. हे चांगलंच आहे असं सांगणारा एक व्हिडिओ शिक्षण मंत्रालयानं केला होता. त्यात हाना नावाची एक कार्टून संशोधिका हसत हसत समजावते, की माणसं बदलत राहिली नाहीत तर व्यवस्था तुंबेल. २०२१मध्ये हजारो खऱ्या संशोधकांनी 'मी हाना' म्हणून आपापले करार जाहीर मांडले. मीही मांडला. चौतीस ओळींचा होता, त्यात अकरा तारखा.

थोडक्यात काय, इथे यंत्र सांभाळणारा कायम आणि शास्त्रज्ञ कंत्राटी. पुण्यात शास्त्रज्ञ कायम आणि यंत्र सांभाळणारा कंत्राटी. दोन्हीकडे अर्धा अर्धा शहाणपणा. पण निवडच करायची असेल तर मी इथला अर्धा घेईन, कारण शास्त्रज्ञ बदलला तरी यंत्र चालू राहतं, उलट कधी होत नाही. मी तसंच केलंही. त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागेला मी अर्ज केला. आज मी कायम आहे, शास्त्रज्ञ म्हणून नाही, यंत्रखोलीची जबाबदार म्हणून. आत्या फोनवर म्हणाली, "पीएचडी करून मेकॅनिक?" आई सोसायटीत अजून 'सायंटिस्ट' सांगते. मी दुरुस्त करत नाही. ही एकच दुरुस्ती मी सोडून दिली आहे.

यंत्र म्हणजे फक्त लोखंड नव्हे. पुण्यातल्या संशोधनातलं मला सर्वांत थोर वाटणारं काम वजनकाट्यावर झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या आहाराचा आणि बाळांच्या वजनाचा अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडात साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ किरकोळ, दंड बारीक, हे दिसतच होतं. पण खांद्याच्या पाठीमागची कातडी चिमटीनं मोजली तेव्हा कळलं की चरबी त्या मानानं कमी नाही. वरून बारीक, आतून चरबीचं. सडपातळ माणसाला आपल्याकडे मधुमेह का होतो, याचा धागा थेट गर्भापर्यंत गेला. याला काय लागलं? वजनकाटा, मोजपट्टी आणि कातडी मोजायचा चिमटा. आणि एक गोष्ट जी कुठल्याही अर्जात लिहिता येत नाही: तो चिमटा दर वेळी तसाच, तेवढ्याच जोरानं धरणारा शिकलेला हात. चिमटा धरणारी माणसं दर सहा महिन्यांनी बदलली असती तर फरक बाळांचा की हातांचा, हेच कळलं नसतं. ती बाळं आज तिशीत आहेत आणि अभ्यास त्यांच्या मागे चालूच आहे.

१९५७मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू केंद्रानं क्यासनूर ज्वराचा, म्हणजे माकडतापाचा, विषाणू शोधला. मेलेली माकडं आणि गोचिड्या जंगलातून कुणीतरी गोळा करून आणल्या होत्या. ते 'कुणीतरी' इतिहासात फारसं येत नाही.

गणिताचं काय, असं आत्तेभाऊ विचारतो. त्याला कापरेकर फार प्रिय. देवळालीचे शाळामास्तर, हातात खडू, आणि ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारी अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेला वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४. आत्तेभावाचं म्हणणं, बघ, त्यांना कुठे ग्रँट होती? अरे, पण नव्हती याचं भूषण का? सोबतीला बोलणारी चार माणसं असती तर त्यांनी आणखी काय केलं असतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. मी रोज ज्या रस्त्यानं जाते तिथे गणित संस्थेची इमारत आहे. १९२९ची, रॉकफेलरांच्या पैशातून बांधलेली. पुढे १९५२मध्ये पुण्याच्या त्या विषाणू केंद्रालाही रॉकफेलर फाउंडेशनचा हातभार होता. गॉटिंगेनची इमारत उघडून चार वर्षं होताहेत तोच, १९३३मध्ये, गणितज्ञ एमी नोएथर, कूरांट आणि शेजारच्या भौतिकशास्त्रातले बॉर्न यांना काढण्यात आलं. इमारतीला ओरखडाही नाही. जगातलं गणिताचं केंद्र मात्र तिथून उठलं ते परत आलं नाही.

तेव्हा टक्केवारी वाढणार असेल तर वाढू दे. माझी मागणी बारीक आहे आणि म्हणून बहुधा कुणाला नको असेल. दर यंत्रामागे ते सांभाळणाऱ्याची कायम जागा मंजूर झाल्याशिवाय यंत्राला मंजुरी नको. त्याला बढतीची शिडी हवी, निबंधावर नाव हवं. आणि खोडदसाठी ज्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांची गाडी गेली, त्यांच्या पोरांना वर्षातून एक दिवस तबकडी दाखवून भागणार नाही. ॲन्टेना, रिसीव्हर, शीतकरण, दोर आणि जाळी यांचं शिक्षण नारायणगावातच मिळू दे. आयटीआयला रेडिओ दुर्बिणीचा कोर्स असला तर हसायचं कारण काय? गाडीच्या बदल्यात दुर्बीण, हा सौदा त्यांना कुणी विचारून केलेला नाही. निदान दुर्बिणीचा पाना तरी त्यांच्या हातात द्यावा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तीन भागांत. मावशीनं अंगठा दाखवला. आत्तेभावानं पुन्हा कापरेकर पाठवले. मामाचं उत्तर रात्री आलं: "पटलं. पण मी पुण्याला यायचं कसं?"

एसटीनं ये, मामा. नारायणगावला उतर, तिथून डावीकडे खोडदची वाट लागते. विज्ञान दिनाला ये, मी फेब्रुवारीत पुण्यात आहे.