परदेशातल्या माणसांनी पाठवलेली भेट आणि आपलं सीमाशुल्क

परदेशातल्या नातेवाइकांनी पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवलेल्या छोट्या भेटवस्तूंवर आपल्याकडे जे सीमाशुल्क लागतं, ते ठरावीक रकमेपर्यंत पुन्हा माफ व्हायला हवं. घरात हे मी बऱ्याचदा बोलून झाले आहे, आज इथे सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं, भावंडं बाहेर आहेत त्यांनी जरा वेळ काढून वाचा, कारण नेमका नियम काय आहे हेच आपल्यापैकी अनेकांना पार्सल अडकल्यावर कळतं.

२०१९ च्या डिसेंबरपर्यंत ५,००० रुपयांपर्यंतची भेट शुल्क न भरता सोडवून घेता यायची. १२ डिसेंबर २०१९ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली आणि ही सोय बंद केली. अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीच्या पुढे खुलासाही आहे: राखी चालेल, राखीसोबत पाठवलेली भेट चालणार नाही. बाकी काहीही भेट म्हणून पाठवायचं असेल तर पाठवा, पण पूर्ण शुल्क भरून. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५(६) मध्ये एक बारीकशी सूट आहे. शुल्काची रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ते वसूल करायचं नाही. राखीचं पाकीट त्यात बसतं. आजीसाठी घेतलेली शाल बसत नाही.

हा नियम का आला तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या काळात चिनी शॉपिंग ॲपवरून मागवलेला माल भेट असं लिहून येत होता. शेकडो पाकिटं, प्रत्येकावर वेगळं नाव, प्रत्येकाची किंमत ५,००० च्या आत. इकडे लक्ष्मी रोडवरचा किंवा उल्हासनगरचा दुकानदार प्रत्येक ड्रेसवर जीएसटी भरतोय आणि तिकडून तसाच ड्रेस एक पैसाही कर न देता घरपोच येतोय, हा उघड अन्याय होता. व्यापाऱ्यांनी तक्रार केली ती योग्यच होती आणि सरकारने ती वाट बंद केली तेही योग्यच केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपन्यांचा गैरवापर थांबवताना ज्यांनी कधीच गैरवापर केला नव्हता ती माणसंही त्याच दाराबाहेर उभी राहिली. त्यांच्यासाठी वेगळं दार ठेवायचं राहून गेलं ते गेलंच.

आमच्या घरचं उदाहरण देते. दादा आणि वहिनी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. वहिनीने आईसाठी एक स्वेटर विणला. आईला डोक्यावरून स्वेटर घालायला त्रास होतो, खांदा वर जात नाही, म्हणून पुढून उघडा, आणि बोटांना सोपी जावीत म्हणून बटणं मोठी लाकडी. सोबत गुडघ्याला लावायचा पट्टा, दोन चॉकलेटचे डबे आणि नातवाने काढलेलं एक चित्र. कुरिअरच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहावी लागते. स्वेटरपुढे काय लिहायचं? वहिनीने लोकरीला पडलेले पैसे लिहिले, कारण पावती तेवढ्याचीच होती. इथे आल्यावर ती किंमत कमी वाटली म्हणून वाढवली गेली. मग मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार, त्यावर आयजीएसटी (आयात मालावर लागणारा जीएसटी), शिवाय आमच्या वतीने शुल्क भरल्याबद्दल कुरिअर कंपनीची फी आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. सगळं मिळून रक्कम लिहिलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही वर गेली. पैसे आम्ही भरले, आमच्यापाशी होते म्हणून. आई मात्र दादाला फोनवर म्हणाली, "आता काही पाठवू नकोस रे, उगाच भुर्दंड." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. कुठल्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. हातच्या विणीची किंमत ठरवायला त्याच्याकडे कुठलाच तक्ता नव्हता, त्याने समोरच्या नियमाप्रमाणे काम केलं.

हे आकडे एवढे फुगतात कसे ते समजून घ्या. शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर लागतं. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या मालाचं शुल्कसूचीत एक स्वतंत्र शीर्षक आहे, ९८०४. काही वर्षांपूर्वी त्याचा मूळ दर ३५ टक्के होता. म्हणजे १०,००० रुपयांच्या पार्सलवर ३,५०० मूळ शुल्क. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ३५० रुपये. आता झाले १३,८५०, आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, ३,८७८ रुपये. एकूण ७,७२८. शुल्कावर अधिभार आणि दोन्हींच्या बेरजेवर कर, असा हा हिशोब चढत जातो. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मूळ दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला, ही चांगली गोष्ट झाली आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण दर कमी झाला तरी भेटीसाठी सूट अशी नाहीच. आपल्या माणसाने पाठवलेली वस्तू आणि विकत मागवलेली वस्तू कायद्यापुढे अजूनही एकच आहे.

बाकीचे कायदे बघितले की हे जास्त खटकतं. दादाने आईच्या खात्यात पाच लाख रुपये पाठवले तर आईला त्यावर एक रुपयाही आयकर नाही, कारण मुलगा आयकर कायद्याच्या नातेवाईक या व्याख्येत बसतो. भावंडं, नवरा-बायको, आईवडिलांची भावंडं, हे सगळे बसतात. (इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. व्याख्या घेणाऱ्याच्या बाजूने बघतात. मामाने भाच्याला दिलं तर करमुक्त, पण भाच्याने मामाला दिलं तर भाचा त्या यादीत नाही. चुलत, मावस भावंडंही नाहीत. अशा सगळ्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर आलं तर पूर्ण रक्कम करपात्र होते. लग्नातल्या भेटींना ही मर्यादा नाही.) म्हणजे नातं म्हणजे काय हे आपल्या कायद्याला चांगलं कळतं, यादी करण्याइतकं कळतं. मग सीमाशुल्कातच ते का कळू नये? परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा आहे, रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत तो २०.५ टक्के होता, केरळपेक्षाही थोडा जास्त. त्या पैशांचं आपण कौतुक करतो. तोच मुलगा त्याच पगारातून आईला स्वेटर पाठवतो तेव्हा तो आयातदार ठरतो.

आणि तोच मुलगा तोच स्वेटर बॅगेत घालून विमानाने आला तर? काही नाही. २०१६ च्या नियमांत प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता यायचा, २०२६ च्या नव्या नियमांत ती मर्यादा ७५,००० झाली. बॅगेतून ७५,००० आणि पोस्टाने शून्य. म्हणूनच परदेशातल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, "पुण्याला कोण जातंय का? दोन किलो जागा मिळेल का?" लोक ओळखीपाळखीच्या, कधी अनोळखी माणसाच्या हातीसुद्धा पाकिटं देतात. दुसऱ्याचं बंद पाकीट आपल्या बॅगेत घालणं किती जोखमीचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नाही म्हणवत नाही. यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो, ज्याला येताच येत नाही. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाचं बाळ लहान, कुणाला तिकीट परवडत नाही. जो दरवर्षी येऊ शकतो त्याला सूट, आणि ज्याला पार्सलवरच भागवावं लागतं त्याला पूर्ण शुल्क, हे उलटं आहे.

इतर देश ही रेषा आखतात. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेली भेट ३९ पौंडांपर्यंत शुल्क आणि व्हॅट दोन्हींतून मोकळी. युरोपीय संघात एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत. कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर. या रकमा मोठ्या नाहीत, पण त्यांत एक स्वेटर, एक खेळणं, एक पुस्तक बसतं. हे देश व्यापाराच्या बाबतीत भोळे नाहीत. तरीही भेट म्हणून त्यांनी थोडी जागा राखून ठेवली आहे.

ती जागा कागदावर राहिली पण प्रत्यक्षात गेली की काय होतं ते आपण २०२५ च्या दिवाळीत बघितलं, उलट्या दिशेने. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काशिवाय जायचं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी सगळ्या देशांसाठी काढून घेतली. १०० डॉलरपर्यंतच्या भेटी मात्र मोकळ्या ठेवल्या होत्या. पण शुल्क कुणी, कुठे, कसं गोळा करायचं हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्या टपाल खात्याने आधी बहुतेक पार्सलं आणि मग भेटींसकट सगळीच टपालसेवा थांबवली. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. फराळाचं पार्सल सहा दिवसांत पोचत नाही. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी लेकीला न्यू जर्सीला अनारसे आणि चकल्या पाठवतात. अनारशाचं पीठ त्यांनी भिजवलेलं होतं, पोस्टातून नाही म्हटल्यावर खाजगी कुरिअरचा दर विचारला आणि मग इथेच वाटून टाकले. अमेरिकेच्या अन्न खात्याचा नियम तर असा आहे की दुकानातला खाऊ पाठवायचा तर आगाऊ सूचना द्यावी लागते, पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेलं अन्न भेट म्हणून पाठवलं तर लागत नाही. घरचं आणि विकतचं यांत फरक करता येतो, तो लिहून ठेवता येतो, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे हे करणं आता २०१९ पेक्षा सोपं आहे. कुरिअरने परदेशी पार्सल आलं की घेणाऱ्याचं आधार किंवा पॅन मागतातच. त्याच ओळखीला जोडून वर्षाला ठरावीक भेटी मोकळ्या ठेवता येतील. प्रत्येक भेट १०,००० रुपयांपर्यंत, वर्षाला तीन-चार. पाठवणारी व्यक्ती हवी, दुकान किंवा ॲप नको. एकाच पत्त्यावर पन्नास पार्सलं आली तर यंत्रणेला लगेच दिसेल. ज्या गैरवापरामुळे सवलत गेली, तो वेगवेगळ्या नावांच्या आडून चालला होता. नाव तपासण्याची सोय झाल्यावरही सवलत बंदच ठेवायची, याचं कारण मला दिसत नाही. दुकानदाराचंही यात नुकसान नाही. वहिनीचा स्वेटर लक्ष्मी रोडवर मिळत नाही.

आणि कुरिअर कंपन्यांनी बुकिंग करतानाच अंदाजे शुल्क आणि स्वतःची फी वेगवेगळी सांगावी, हेही बंधनकारक करा. पाठवणाऱ्याला वाटतं आपण सगळे पैसे भरले, आणि इथे म्हाताऱ्या आईवडिलांच्या मोबाइलवर पैसे भरायचा मेसेज येतो. या अंधाराचा फायदा ठग घेतात. "लंडनहून तुमच्या नावे गिफ्ट आलंय, सीमाशुल्क भरा" असा फोन करून लोकांची खाती रिकामी केली जातात. सीमाशुल्क विभाग कधीही फोन करून कुणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगून ठेवा.

अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर नागरिकांच्या सूचना मागवत असतं. वर लिहिलेली मागणी मी तिथे पाठवणार आहे. ज्यांची पार्सलं अडकली किंवा ज्यांनी शुल्क भरलं त्यांनी पावती बघून खाली लिहा: वस्तू काय होती, किंमत किती लिहिली होती, किती धरली गेली, शुल्क किती आणि कुरिअरची फी किती. नाव-पत्ता नको, कंपनीचं नावही नको, फक्त आकडे द्या. सूचनेसोबत ते जोडणार आहे.