वाढत्या अंगाची रायफल

माझी उंची पाच फूट चार इंच. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. लहानपणी आई जे काय घ्यायची ते 'वाढत्या अंगाचं' घ्यायची, युनिफॉर्म, स्वेटर, चपला सुद्धा, आणि अंग काही वाढलं नाही. आता पंचेचाळिशीत ह्यूस्टनजवळ राहतो तर इथली सगळ्यात आखूड पॅन्टसुद्धा खालून दोन इंच दुमडूनच घालावी लागते. असा माणूस रायफल घेणार म्हणजे ती तरी मापाची कशी मिळेल?

रायफल म्हणजे फार काही नाही हो, रूगरची टेन-ट्वेंटीटू. पॉइंट टू टू बोअरची सेमी-ऑटोमॅटिक, १९६४ पासून निघतेय, इथे ज्याच्या त्याच्या घरात असते, आपल्याकडे अॅटलस सायकल असायची तशी. एच-वन-बीवर होतो तेव्हा घेता येत नव्हती (शिकारीचं लायसन्स असेल तर येते, पण मी घरातलं झुरळ मारताना डोळे मिटतो), मग ग्रीन कार्ड आलं तेव्हा म्हटलं एवढी वर्षं थांबलोय तर काहीतरी करू, आणि सेकंडहँड घेतली. स्वस्त मिळाली. का ते घरी आल्यावर कळलं. दस्त्याला, म्हणजे स्टॉकला, मुठीपाशी तडा गेलेला आणि आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताने त्यावर हरीण कोरलेलं. बायको म्हणाली बकरी आहे. नीट बघितलं, बकरीच आहे.

पण बकरी पण चालली असती. खरा घोळ लांबीचा. ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतच्या मापाला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात आणि कंपनीचा स्टॉक असतो १३.५ इंचाचा. साधी टेस्ट आहे, रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघायचं, कोपर वाकवून स्टॉकचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतं का बघायचं. माझं पोचायचं, पण बस पकडताना शेवटच्या दांड्याला पोचतं तसं. त्यात लांब स्टॉकमुळे डोळा स्कोपपासून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीपासून, मागे राहतो, मग आत काळी रिंग दिसते आणि मधे वाटाण्याएवढं चित्र. मी मान पुढे काढून नेम धरायचो. नेमबाजीच्या रेंजवरच्या एका आजोबांनी अगदी प्रेमाने विचारलं, यू ओके सन? म्हटलं मान अवघडलीय.

मग स्टॉक बदलायचं ठरवलं आणि इथून पुढचे तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. मेव्हण्याला पुण्याला फोनवर म्हटलं स्टॉक घ्यायचाय, काय सुचेना, तर तो म्हणाला आत्ता नको, मार्केट पडू दे. तेवढ्यावर थांबायला हवं होतं खरं तर.

कारण या रायफलला जेवढे स्टॉक मिळतात तेवढी लग्नाच्या दुकानात शालूंची थप्पी नसेल. अक्रोडाचा घ्यावा, तेलपाणी केलेला, बघत राहावं असा, पण त्याची किंमत माझ्या रायफलपेक्षा जास्त, म्हणजे नथ महाग आणि नवरी स्वस्त. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे रंगवलेले पातळ थर दाबून केलेला, मजबूत, हवेने वाकत नाही, पण जड, आणि रंग बघाल तर जांभळा-करडा, हिरवा-पिवळा, लहानपणीची आइस्क्रीमची कसाटा आठवते. मग रबर चढवलेला. पकड छान, पण हातात घेतल्यावर सतत वाटतं की आपण हॉटवॉटर बॅग धरलीय. आणि ते सांगाड्यासारखे काळे टॅक्टिकल वाले, ते घेऊन मी आरशात उभा राहिलो असतो तर मुलगी हसून मेली असती. मंडळाच्या संक्रांतीला हा विषय निघाला तेव्हा एक काका, ज्यांनी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही, ते म्हणाले सागवानी नाही का मिळत? शिसवी? मग तुमचं काय लाकूड, आणि उठून तिळगूळ घ्यायला गेले.

थंबहोलवाला, अंगठा आरपार घालायचा असतो तो, मला फार आवडला होता. सॅन होजेचा मित्र म्हणाला वेडा झालास का, कॅलिफोर्नियात मॅगझिन (गोळ्यांची पेटी) निघणाऱ्या सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाला मधोमध ठोका देणाऱ्या, सेमी-ऑटोमॅटिकला तो लावलास तर रायफल थेट असॉल्ट वेपन ठरते. अरे पण माझी रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका देणारी आहे आणि मी टेक्सासमध्ये आहे! तो म्हणाला तरी पण. या 'तरी पण'ला आपल्याकडे उत्तर नसतं, थंबहोल राहिला.

शेवटी एक स्वस्तातला सिंथेटिक मागवला. गंमत म्हणजे कायद्याने रायफल म्हणजे फक्त रिसीव्हर, आतलं यंत्र बसतं तो मधला भाग, स्टॉक हा नुसता सुटा भाग, त्यामुळे तो हिंग आणि पोह्यांच्या खोक्याशेजारी दारात येऊन पडतो. उघडला, बसवायला गेलो तर तो निघाला जाड बुल बॅरलसाठी खोदलेला, .९२० इंचाची नळी मावेल असा, आणि माझी नळी बारीक आणि पुढे निमुळती होत गेलेली. दोन्ही बाजूंनी एवढी फट की सासऱ्यांचा सफारी घालून उभा राहिलेला जावई. म्हणजे इथे पण वाढत्या अंगाचं! परत पाठवला, रिटर्नचे पैसे माझेच गेले.

मग मात्र मुकाट मॅगपुल कंपनीचा हंटर नावाचा स्टॉक घेतला, त्यात बॅरलखालचा ट्रे उलटा करून लावला की बारीक नळी पण बसते आणि मागे स्पेसर, म्हणजे लांबी वाढवायचे तुकडे असतात, ते काढा-घाला, लांबी साडेबारा ते साडेचौदा. हे पहिल्याच दिवशी एकाने सांगितलं होतं. पण पहिल्या दिवशी सांगितलेलं पहिल्या दिवशी ऐकलं तर तो मराठी माणूस कसला.

बसवायचं काम तसं सोपं. बॅरल बँड, म्हणजे नळी स्टॉकला आवळणारी पट्टी, काढायचा, खालचा एकच स्क्रू सोडायचा, आणि सेफ्टीचं बटण बरोब्बर मधे ठेवायचं, ना इकडे ना तिकडे, तरच अॅक्शन, म्हणजे नळीसकट आतलं यंत्र, वर निघते. अर्धा तास मी बटण एका टोकाला ठेवून ओढत होतो. निघाली तेव्हा एकदम निघाली, आणि कोणीच सांगितलं नव्हतं की आतल्या पिना नुसत्या स्टॉकच्या आधाराने थांबलेल्या असतात. एक पिन घरंगळत कार्पेटवर. मी, बायको, मुलगी, तिघं मोबाइलचा टॉर्च लावून ओणवे, आणि नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल, कोल्हापूरहून.

"काय हरवलंय रे?"

"बंदुकीची पिन."

"त्या कांबळवाडीच्या कुसाळेंच्या पोरानं पॅरिसहून मेडल आणलं, आणि तू पिन शोधतोयस होय?"

आता आईला कुठे सांगू की स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं ब्राँझ पण पॉइंट टू टू बोअरवरच आलंय, आणि त्या लोकांच्या रायफलीला गालापासून खांद्यापर्यंत सगळं सरकवता येतं, अगदी मापाने शिवल्यासारखं. पिन सोफ्याखाली मिळाली, सोबत दोन खडू आणि एक काजू.

सगळे स्पेसर काढले. साडेबारा. कोपरात टेकवली, बोट आरामात ट्रिगरवर, गाल जागेवर, काळी रिंग गायब. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मला न दुमडता बसलं. उरलेले स्पेसर कचऱ्यात टाकायला निघालो तर आई फोनवर होतीच अजून.

"ते काय टाकतोयस?"

"जादाचे तुकडे. याने लांबी वाढते."

"ठेव की मग," आई म्हणाली, "पोरीला होतील, तिचं वाढतं अंग आहे."