‘विकत नाही ना, मग चालतं’? महाराष्ट्रात नाही चालत

“घरी स्वतःपुरती बिअर बनवणं भारतात कायदेशीर आहे. मर्यादा माणशी वर्षाला १०० गॅलन. फक्त विकायची नाही.” ही पोस्ट सध्या जोरात फिरतेय. आकडा खरा आहे, देश चुकलाय.

१०० गॅलन (सुमारे ३८० लिटर) अमेरिकेतले. तिथले तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरात एक प्रौढ असेल तर १०० आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. तिथेही मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी २०१३ पर्यंत मुभा दिली नव्हती.

आपल्याकडे दारू हा राज्यसूचीतला, म्हणजे प्रत्येक राज्याने आपापला कायदा करायचा विषय, त्यामुळे ‘भारतात कायदेशीर’ म्हणण्यात मुळात अर्थ नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. होय, गल्लोगल्ली वाइन शॉप असूनही. इथे परवान्याशिवाय सगळं बंद.

‘विकायची नाही’ ही पळवाटही खोटी. कलम १२ मद्य बनवण्यालाच मनाई करतं. शिक्षेच्या कलम ६५ मध्ये बनवणं आणि विकणं हे वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि बनवण्यासाठी साहित्य, भांडी बाळगणं हाही एक. माल्ट, हॉप्स, यीस्ट हे बिअरचं साहित्य ऑनलाइन मिळतं म्हणून खुश होणाऱ्यांनी हे वाचावं. प्रश्न वस्तूचा नाही, ती कशासाठी ठेवलीय याचा आहे.

‘आम्ही भट्टी लावत नाही, नुसतं आंबवतो’ असाही एक युक्तिवाद ऐकला. मद्याच्या व्याख्येत बिअर नाव घेऊन आहे. शिवाय हातभट्टीवरच्या धाडीची कुठलीही बातमी काढा, ‘इतके लिटर रसायन नष्ट’ असं असतंच. ते रसायन म्हणजे अजून न गाळलेलं, आंबत ठेवलेलं पाणीच.

पिण्याचा परवाना दाखवूनही उपयोग नाही. तो विकत घेणं, बाळगणं, नेणं आणि पिणं एवढ्यापुरता.

कायदा असा असावा का, हा वेगळा वाद. बिअर गाळावी लागत नाही, विषारी दारूचा धोका तिच्यात जवळपास नाही, तेव्हा घरापुरती सूट मिळायला हरकत नसावी असं मला वाटतं. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरासाठी मोहाची दारू काढायची मुभा आहेच. पण ती त्या राज्यांनी नियमांत लिहून दिलेली आहे. बिअरसाठी तशी तरतूद हवी असेल तर विधानसभेत मागावी लागेल.