अलंकार ओळखा म्हणायच्या आधी कविता तर वाचू द्या

आज जरा शिक्षक मंडळींशीच भांडायचंय, मी स्वतः त्यातलीच आहे म्हणून. नववी-दहावीच्या पोरांना कवितेचा कंटाळा येतो अशी तक्रार आपण सगळेच करतो, पण तो कंटाळा आणतो कोण? कविता एकदा धड वाचून व्हायच्या आत आपला प्रश्न तयार, 'यातला अलंकार ओळखा'. मग पोरं कविता वाचायचं सोडून शब्द हुडकायला लागतात. सम, सारखा, परी दिसलं की उपमा आणि जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना), संपला विषय. मी एकदा मुद्दाम फळ्यावर लिहिलं, 'मला वाटतं आज पाऊस पडेल', तर बऱ्याच जणांनी उत्प्रेक्षा म्हणून हात वर केले 😀 हसावं की रडावं कळेना, पण पोरांना काय बोलणार, शिकवलंय तसंच केलं त्यांनी.

रसग्रहणाचं तर विचारूच नका. 'कवीने साध्या सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे, भाषा ओघवती आहे, कविता मनाला भिडते.' वरचं कवितेचं नाव झाका आणि सांगा हे कुठल्या कवितेचं उत्तर आहे ते. कुठल्याही! गाईडवाल्यांचा धंदा यावरच चाललाय.

आणि पोरांना आलंकारिक भाषा कळत नाही हे मला मुळात पटतच नाही. मधल्या सुट्टीत कान देऊन ऐका, पेपरने वाट लावली, डोकं खाऊ नकोस, मॅडम आज तापल्यात (हे माझ्याबद्दलच असतं). लक्षणा, म्हणजे शब्दशः अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घेणं, तर रोज तोंडात आहे त्यांच्या, फक्त तिला लक्षणा म्हणतात हे माहीत नाही. व्यंजनेचंही, म्हणजे थेट न बोलता सुचवलेल्या अर्थाचंही, तेच. मम्मटाच्या काव्यप्रकाशात, म्हणजे काव्यशास्त्रावरच्या अकराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, एक झकास उदाहरण आहे, 'सूर्य मावळला'. एवढंच वाक्य, पण गुराख्यासाठी गुरं परत वळवायची वेळ झाली, दुकानदारासाठी माल आवरायची, आणि प्रेमात पडलेल्यासाठी भेटायची. मी वर्गात त्याचं 'अकरा वाजले' करते. रात्री आई म्हणाली तर? पेपरला पाच मिनिटं उरलेली असताना सुपरवायझर म्हणाले तर? भेटायला बोलावून उशिरा आलेल्या मित्राला तुम्ही म्हणालात तर? पोरं धडाधड अर्थ सांगतात, मागच्या बाकावरची सगळ्यात आधी.

यानंतर घ्यावी बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी, एका तासात मावते. अलंकाराचं नावही काढायचं नाही, फक्त विचारायचं की रंग किती दिसतात, क्रमाने सांगा. हिरवाळी, निळासावळा झरा, मग हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, मग काळा डोह. कुणीतरी आपणहून म्हणतंच की मॅडम, ही वाट गावाकडून निघून अंधाराकडे चाललीये. हे ज्याला दिसलं त्याने अर्धी कविता वाचली. मग शेवटची ओळ, 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. इथे मी एक उद्योग करते, ओळ बदलून लिहिते, 'पाण्याकाठी उभा औदुंबर', आणि विचारते काय गेलं? एक मुलगा म्हणाला, 'आता तो ड्युटीवर असल्यासारखा वाटतोय, आधी निवांत होता.' दुसरी म्हणाली, 'पाय पाण्यात सोडून बसलेला माणूस लवकर उठत नाही.' झालं की! आता खुशाल सांगा याला, म्हणजे झाडाला माणसासारखं वागायला लावण्याला, चेतनगुणोक्ती म्हणतात, ते नाव पोरं विसरणार नाहीत कारण त्याखाली काय आहे ते आधी हाताला लागलंय.

त्याच्या आधीच्याच ओळीतल्या 'गोड काळिमा' वर तर अख्खा तास जाऊ शकतो. काळिमा आणि गोड? कुणी म्हणतं दाट सावली, दमलेल्याला गोडच वाटणार. कुणाला त्यात मृत्यू दिसतो. मी दोन्ही घेते, अट एकच, कवितेतल्या ओळीवर बोट ठेवून दाखव. 'ज्याला जो अर्थ लागेल तो बरोबर' हे मला अजिबात मान्य नाही, तो आळशीपणा आहे. एकाने सांगितलं की कवीचं ब्रेकअप झालंय, म्हटलं दाखव कुठे, त्याने दोनदा कविता वाचली आणि स्वतःच म्हणाला नाही सापडत. पण दोनदा वाचली ना!

अजून एक, कवीचं चरित्र आधी सांगू नका प्लीज. बालकवी 1918 मध्ये रेल्वे अपघातात गेले, तेव्हा वयाची 28 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की सगळ्या वर्गाला डोहात फक्त मरण दिसतं आणि ते निवांत सोडलेले पाय दिसायचे बंद होतात. मी शेवटी सांगते, मग ज्यांना परत वाचावीशी वाटते ते वाचतात.

आता 'पोर्शन कधी संपवायचा' हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाहीये. सगळ्या कविता अशा होत नाहीत, मीही नाही घेत. सत्राला दोन घेते, बाकीच्या भराभर. पण त्या दोन झाल्यावर बाकीच्या रसग्रहणात 'भाषा ओघवती आहे' लिहिलेलं दिसलं की मी शेजारी लाल पेनाने 'कुठे?' एवढंच लिहून वही परत करते. वैताग येतो पोरांना, पण पुढच्या वेळी ओळ लिहून आणतात.