‘सूज उतरली की कॅन्सर उतरतो’ म्हणणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या महिन्यात सलग १९ दिवस लेट्रोझोलची गोळी घेतली नाही, आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ही हार्मोनवरील उपचाराची गोळी रोज एक याप्रमाणे पाच वर्षे घेण्यास तिला सांगितलेले आहे. ती थांबवण्याचे कारण होता तिच्या भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश. पुढे तो मला आणखी तीन नातेवाइकांनी ‘तुझ्या विषयातले आहे’ म्हणून पाठवला.

संदेश थोडक्यात असा आहे: स्तनाचा कॅन्सर म्हणजे चरबीमुळे अंगात साठलेली सूज, ती उतरली की गाठ आपोआप विरते, त्यासाठी ४० दिवस रात्री वायगावची हळद आणि काळी मिरी गरम पाण्यातून घ्यावी व दिवसभर कडक उपवास करावा, हार्मोनच्या गोळ्यांनी सूज वाढते, म्हणून त्या सोडाव्यात, बारीक बायकांना हा आजार होत नाही, आणि सुईने तुकडा तपासायला काढला की कॅन्सर पसरतो. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि या संदेशाचा मला सर्वाधिक राग येतो तो यासाठी की त्याचा पाया पूर्णपणे खोटा नाही.

खरे आहे तेवढे आधी मान्य करते. लठ्ठपणात चरबीच्या पेशी फुगत जातात, त्यांना रक्तपुरवठा अपुरा पडतो, त्यांतील काही मरतात आणि मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कडे करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते कडे मुकुटासारखे दिसते, आणि स्तनातील चरबीतही ते आढळते. या पेशींतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह चेतवणारी द्रव्ये बाहेर पडतात. वैद्यकात याला दाह म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाने दाबून कळत नाही. संदेश लिहिणाऱ्याने मात्र ‘सूज’ हा शब्द वापरला, आणि माझी मावशी ते १९ दिवस रोज सकाळी घोटे दाबून खड्डा पडतो का ते पाहत होती. खड्डा पडला नाही, म्हणून आपण बऱ्या होत आहोत असे तिला वाटले.

आता गोळीबद्दल, कारण संपूर्ण संदेशातील सर्वांत घातक ओळ तीच आहे. वर सांगितलेल्या दाहामुळे चरबीच्या ऊतीत अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) अधिक तयार होते, आणि हे विकर अँड्रोजेन या हार्मोनचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये करते. पाळी गेल्यानंतर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ थांबते, त्यामुळे त्या वयात शरीरातील चरबी हाच त्याचा मुख्य स्रोत असतो, आणि ज्या गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक (इस्ट्रोजेन जिथे येऊन जोडले जाते ती प्रथिने) असतात त्या याच इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. लेट्रोझोल नेमके अरोमाटेजलाच अडवते. म्हणजे चरबी, दाह आणि कॅन्सर यांच्यातील जो दुवा सांगून हा संदेश बायकांना घाबरवतो, तोच दुवा तोडणारे औषध तो त्यांना फेकून द्यायला सांगतो. इस्ट्रोजेन घटल्यामुळे या गोळीने सांधे आखडतात आणि दुखतात, हे खरे आहे. मावशीची बोटे सकाळी मिटत नसत. त्या दुखण्यालाच संदेशाने ‘गोळीची सूज’ ठरवले, आणि तिला ते लगेच पटले. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगायचे असते. याच गटातील दुसरी गोळी बदलून देता येते, आणि तिच्या डॉक्टरांनी नंतर तेच केले.

‘दाह कमी केला की गाठ विरते’ या अनुमानाच्या जवळचा प्रश्नही तपासून झालेला आहे. ॲस्पिरिन दाह कमी करते हे निर्विवाद; म्हणून स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या ३,०२० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात एक चाचणी झाली, ज्यात निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. कॅन्सर परत येणे ॲस्पिरिनने कमी होताना दिसेना, म्हणून ती मुदतीआधीच थांबवावी लागली, आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे ॲस्पिरिन हरले तिथे कपभर हळदीचे पाणी जिंकेल, हे कशाच्या आधारावर सांगितले जाते? वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ती आमच्याही घरी येते, वरणात आणि भाजीत ती अवश्य घालावी. परंतु तिच्यातील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, आणि ते उतरावे म्हणून मिरीतील पायपरीनची जोड दिली की ते दुसऱ्या औषधांच्या वाटेत येऊ शकते. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरील दुसरी हार्मोनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांवरील नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात, कर्क्युमिन व पायपरीनच्या कॅप्सूल दिल्यावर त्या औषधाच्या प्रभावी घटकाचे रक्तातील प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटलेले दिसले.

वजनाचा मुद्दा मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीशी संबंध असलेले १३ कॅन्सर निश्चित केले आणि त्यांत स्तनाचा कॅन्सर ‘पाळी गेल्यानंतरचा’ असे स्पष्ट म्हटले. तो निष्कर्ष कॅन्सर होण्याच्या धोक्याविषयी आहे, झालेल्या गाठीच्या उपचाराविषयी नाही. पाळी चालू असलेल्या वयात तर मोठ्या एकत्रित अभ्यासांत उलट, अधिक वजनाच्या स्त्रियांत धोका काहीसा कमीच दिसला आहे. ‘चरबी म्हणजेच कॅन्सर’ हे सरळ समीकरण तिथेच मोडते.

बारीक बायकांना हा आजार होत नाही, हे निखालस खोटे आहे. वय, बीआरसीए या जनुकांतील दोष, घरातील इतिहास यांमुळे वाढणाऱ्या धोक्याचा वजनकाट्याशी संबंध नाही. शिवाय वजन सामान्य असूनही शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांत धोका वाढल्याचे २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात आढळले, आणि हातपाय बारीक पण पोट सुटलेले, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी आहे. उपवासाने गाठ उपाशी मरत नाही, कारण यकृत रक्तातील साखर टिकवून ठेवते. झिजतात ते रुग्णाचे स्नायू. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरतो ही भीती तर इतकी जुनी आहे की तिच्यावर जास्त शब्द खर्च करवत नाहीत. त्या तपासणीवाचून गाठीवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत की नाहीत हेच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय गोळी कोणती द्यायची हे ठरत नाही.

मावशीची नवी गोळी सोमवारपासून सुरू झाली आहे. भिशीच्या त्या गटात आणखी दोघी उपचार घेत आहेत, असे ती म्हणाली. त्यांची गोळी चालू आहे का, हे तिने अजून विचारलेले नाही. रविवारी भिशी आहे, तेव्हा मी तिच्यासोबत जाणार आहे.